यंत्राची कळ कोणाच्या हाती?



इतिहास म्हटला की लढाया, किल्ले आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती तळहातात मावेल एवढी आहे. ती म्हणजे कारखान्यातील यंत्राची कळ. हिरवे बटण दाबले की यंत्र चालू, तांबडे दाबले की बंद. यात इतिहास कसला, असे कोणी विचारील. माझे शालेय शिक्षण बेताचे. जे शिकलो ते ग्रंथालयात आणि कारखान्याच्या दारात. कामगारांच्या अपघातांची प्रकरणे चालवताना एक गोष्ट मनावर ठसली, ती अशी की यंत्र थांबविणे सोपे आहे. थांबलेले यंत्र थांबलेलेच ठेवणे अवघड आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांतले यंत्रसुरक्षेचे बरेचसे कायदे आणि शोध या अवघड गोष्टीसाठीच झाले आहेत.

प्रथम वाफेचा काळ पाहू. कावसजी दावर यांची मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. त्या काळच्या गिरणीत एक मोठे एंजिन असे. त्याच्यापासून लांबलचक लोखंडी दांड्या छताखालून साऱ्या खात्यांत गेलेल्या असत आणि प्रत्येक साच्याला दांडीवरून चामडी पट्टा उतरलेला असे. साचा थांबवावयाचा तर पट्टा मोकळ्या चाकावर सरकवीत. वरची दांडी मात्र फिरतच राही. सरकवलेला पट्टा हादऱ्यांनी हळूहळू परत घट्ट चाकावर आला, की थांबलेला साचा कोणी हात न लावता सुरू होई. त्या वेळी साच्यात कोणाचा हात असेल तर काय होई, हे सांगावयास नको.

इंग्लंडमध्ये १८४४ च्या कायद्याने फिरत्या यंत्रभागांना कुंपण घालण्याची सक्ती झाली आणि ते चालू असताना मुलांकडून पुसून घेण्यास बंदी आली. मालकवर्गाने या सक्तीविरुद्ध संघटना काढली आणि १८५६ साली कायदा सैलही करून घेतला. आपल्याकडे पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. तो तोकडा होता. म्हणून १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारला दिला. रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना आठवते. पण त्याच अर्जात, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचा अधू झालेल्याची सोय व्हावी, हीही मागणी होती. भरपाईचा कायदा आला तो १९२३ साली. एका मागणीला एकोणचाळीस वर्षे लागली!

आता विजेकडे वळू. विजेने वस्तू सतत फिरवता येते हे १८२१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवले. हे गृहस्थ लोहाराचे पुत्र. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना, बांधावयास आलेली पुस्तके वाचून शास्त्र शिकले. त्यानंतर अनेकांचे हात लागले. तीन फेजच्या विजेवर चालणारी, आतल्या भागाला वायर न जोडता फिरणारी साधी दणकट मोटर रशियात जन्मलेले अभियंते दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी १८८९ च्या सुमारास जर्मनीत बनवली. आज कारखान्यातील बहुतेक मोटरी त्याच वंशाच्या आहेत.

मुंबईच्या गिरण्यांत वीज प्रथम आली ती दिव्यांच्या रूपाने. तिच्यामुळे सूर्यास्ताची मर्यादा गेली, कामाचे तास लांबले आणि १९०५ साली त्यावरून असंतोष माजला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. पुढे १९१५ च्या फेब्रुवारीत, घाटावरच्या तलावांचे पाणी खाली खोपोलीस सोडून टाटांनी तयार केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. हळूहळू एंजिने गेली, छताखालच्या दांड्या गेल्या, पट्टे गेले आणि प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली.

ही सुधारणा होती यात शंका नाही. पण तिच्याबरोबर एक नवा धोका आला. एंजिन सुरू होताना साऱ्या गिरणीला कळे. मोटर सुरू होताना कोणालाच कळत नाही. कळ एकीकडे, यंत्र दुसरीकडे, आणि मध्ये भिंत.

या धोक्याचे सर्वांत वाईट रूप पाहावयाचे असेल तर मिक्सर पाहावा. घरातला नव्हे, पीठ मळणारा, रंग घोटणारा, रबर कालवणारा कारखान्यातला मिक्सर. त्याच्या भांड्यात माणूस मावतो, आणि साफसफाईसाठी माणसाला त्यात हात घालावा लागतो, कधी उतरावेही लागते. शिवाय त्याची मोटर सुरू करणे हेच एक दिव्य असते. बंद मोटरला एकदम पुरवठा दिला तर ती सुरुवातीला नेहमीच्या पाच-सातपट विद्युत्प्रवाह ओढते. तो आवरण्यासाठी स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. त्याने सुरुवातीचा प्रवाह एक-तृतीयांशावर येतो. परंतु जोरही एक-तृतीयांशच उरतो. पंख्याला तेवढा पुरतो. पीठ किंवा रंग घट्ट बसलेल्या मिक्सरला पुरत नाही. मोटर नुसती घुमते, तापते, आणि मग कोणी तरी पहार घेऊन पाते ढकलावयास जातो. अपघात तेथे जन्मतो. जाणता कारागीर मिक्सर रिकामा सुरू करून मग माल घालतो. भरलेलाच सुरू करणे भाग असेल तर तशी मोटर किंवा वेग हळूहळू वाढविणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह मालकाने द्यावयास हवा. तो देणे कामगाराच्या हातचे नाही.

आता वीज गेली असे समजा. मिक्सर थांबला. कामगार म्हणाला, तेवढ्यात पाते खरवडून घेऊ. इतक्यात वीज परत आली. यंत्र आपोआप सुरू व्हावे काय? होऊ नये, यासाठी स्टार्टरमध्ये एक लहानशी कॉइल असते; वायरमन तिला नो-व्होल्ट कॉइल म्हणतात. पुरवठा गेला की तिची पकड सुटते, आणि पुन्हा कोणी बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. आपल्या शेतकऱ्यांनी हिच्या उलट युक्ती केली. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेची वाट पाहून थकलेल्या शेतकऱ्याने पंपाला ऑटोस्विच लावला. वीज आली की पंप आपोआप सुरू. त्याची अडचण खरी आहे. पण गावातले सारे पंप एकाच क्षणी सुरू झाले की तो पाच-सातपट प्रवाह एकदम रोहित्रावर पडतो, म्हणून महावितरणही ऑटोस्विच काढा असे सांगत आले आहे. पंपात माणूस उतरलेला नसतो. मिक्सरमध्ये असू शकतो. तेथे ऑटोस्विचाचा विचारही पाप आहे.

स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ही भीती नीट ओळखली होती. चोविसाव्या कलमात, सरकवलेला पट्टा परत घट्ट चाकावर येणार नाही अशी योजना हवी, असे स्पष्ट होते. १९७६ साली त्याच कलमात भर पडली: बंद केलेली कळ चुकून चालू स्थितीत जाण्यासारखी असेल, तर ती बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी. पट्ट्याची जागा कळीने घेतली, भीती तीच राहिली. अमेरिकेत १९८९ साली याच तत्त्वाचा सविस्तर नियम झाला. दुरुस्तीला जाणाऱ्याने पुरवठ्याच्या मुख्य कळीला स्वतःचे कुलूप लावावे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, आणि ज्याने लावले त्यानेच काढावे. चौघे जण आत असतील तर चार कुलपे. भारतात २०२० साली संसदेने जुने कायदे एकत्र करून नवी संहिता संमत केली. संहिता कोणतीही असो, कुलूप कागदाचे असून चालत नाही.

म्हणून देखभालीचा क्रम पाठ असावा. तांबडे बटण म्हणजे सुरक्षितता नव्हे. ते कॉन्टॅक्टर सोडते, पुरवठा तोडत नाही. मुख्य कळ बंद करावी, कुलूप लावावे, पाटी टांगावी. इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असेल तर त्यात साठलेली वीज उतरेपर्यंत, पाटीवर लिहिलेली मिनिटे थांबावे. मग वीज खरोखर गेली हे मीटरने तपासावे, आणि हिरवे बटण दाबूनही पाहावे. वर उचललेले पाते किंवा झाकण टेकू देऊन अडकवावे. काम झाल्यावर हत्यारे मोजावी, माणसे मोजावी, गार्ड परत बसवावे. मोटर नव्याने जोडली असेल तर गिअरबॉक्सपासून सोडवून फिरण्याची दिशा पाहावी. दोन वायरींची अदलाबदल झाली तरी ती उलटी फिरते. अर्थिंग, बेअरिंगचा आवाज, मोटरवर साचलेली धूळ, हे सारे त्यानंतर.

हे न केल्यास काय होते? १५ ऑक्टोबर २०२२ रोजी दक्षिण कोरियात प्योंगतेक येथील बेकरीच्या कारखान्यात तेवीस वर्षांची एक मुलगी रात्रपाळीत सॉसच्या मिक्सरमध्ये ओढली जाऊन मेली. झाकण उघडताच मोटर थांबविणारी व्यवस्था त्या मिक्सरला नव्हती. तेथील नऊ मिक्सरपैकी सातांना नव्हती. दुसऱ्या दिवशी तो मिक्सर पांढऱ्या कापडाने झाकून शेजारी काम सुरू झाले. ही बातमी फुटताच कोरियातील सामान्य गिऱ्हाइकांनी त्या मालावर बहिष्कार घातला.

आपल्याकडे असे घडले की अहवालात बहुधा एकच वाक्य येते: कामगाराचा निष्काळजीपणा. चोर सोडून संन्याशाला फाशी! एका कारखान्यात, नाव घेत नाही, झाकणाची सुरक्षा-कळ तारेने बांधलेली मी पाहिली. बांधली कामगारानेच होती. पण पाळीत किती बॅच निघाल्या यावर त्याचा बोनस ठरत होता, आणि दर वेळी झाकण उघडून यंत्र थांबले तर एक बॅच कमी पडत होती. ती तार त्याच्या बोटांनी गुंडाळली. गुंडाळावयास लावली ती त्या हिशेबाने. तार सोडविण्यासाठी आम्हांस आधी बोनसचा दर बदलून घ्यावा लागला.

तेव्हा नगरवासी श्रोत्यांना माझी विनंती एवढीच. आपल्या सकाळच्या पावात, भिंतीच्या रंगात, औषधाच्या गोळीत कोणा तरी मिक्सरवाल्याची पाळी मिसळलेली आहे. आपल्यापैकी कोणी मालक असतील, कोणी इंजिनिअर, कोणी कारखान्यात मुलगा धाडलेले आईबाप. प्रत्येकाने एक प्रश्न विचारावा: यंत्रात माणूस असताना त्या यंत्राची किल्ली कोणाच्या खिशात असते? उत्तर ‘त्याच माणसाच्या’ असे येईपर्यंत विचारीत राहावे. लोखंड्यांनी मांडलेल्या मागणीला एकोणचाळीस वर्षे लागली. या मागणीला तेवढी लागू नयेत.