बोंडाच्या आत

बोलन खिंडीच्या तोंडाशी, मेहरगढच्या वस्तीजवळ तुम्ही उभे आहात. इसवी सनापूर्वीचं सहावं सहस्रक चालू आहे. समोर कापसाचं पिवळं फूल नुकतंच उमललंय. आकाराने सूक्ष्म व्हा आणि थेट बीजकोशात उतरा.

परागनलिका अजून बीजांडापर्यंत पोहोचलेली नाही, तरी बीजांडाच्या बाहेरच्या आवरणात गडबड सुरू झालीय. वरच्या थरातल्या साधारण चारातली एक पेशी फुगून वर येतेय. बाकीच्या सपाटच राहतात.

दिवस भराभर सरकू द्या. फुगलेल्या पेशीतली रिक्तिका पसरत जाते, जीवद्रव्य भिंतीलगत दाबलं जातं. साखर आणि पोटॅशियम साठतं, त्यामागे पाणी ओढलं जातं, आतला दाब वाढतो. (आजच्या अमेरिकन कापसात या वेळी शेजारच्या पेशींकडे जाणारे सूक्ष्म मार्ग काही दिवस बंद झालेले दिसलेत.) पेशी लांबत राहते. विभाजन नाही, मधे एकही आडभिंत नाही. रुंदीच्या हजारपट लांबी आणि तरीही पेशी एकच! सबंध वनस्पतिसृष्टीत मला याहून विलक्षण काही वाटत नाही. वेचणीच्या वेळी ओंजळीत येतो तो कापूस म्हणजे सरकीच्या सालीवरच्या सुट्या सुट्या पेशी.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास लांबण्याचा वेग मंदावतो आणि भिंतीच्या आतल्या अंगाने सेल्युलोजचे थर चढू लागतात. तयार तंतूत ९० टक्क्यांहून अधिक सेल्युलोजच असतं. इकडे बीजांडाचं आतलं आवरण सरकीचं कठीण कवच घडवतंय.

बोंड फुटतं. ऊन आत येतं, पेशी मरते, पाणी उडून जातं. पोकळ नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. या पिळामुळेच एक तंतू दुसऱ्यात अडकतो आणि सूत कातता येतं. जिवंत, टम्म भरलेल्या पेशीतून धागा निघाला नसता.

आता वस्तीतल्या एका कबरीपाशी या. मृताबरोबर ठेवलेल्या तांब्याच्या मण्यांतून दोरा ओवलाय. तांब्याचे क्षार त्यात मुरतील आणि तंतूंचा आकार टिकवून धरतील. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने ते तंतू कापसाचे ठरले, आणि आशिया-आफ्रिका-युरोपातल्या कापसाच्या वापराचा काळ १,००० वर्षांहून अधिक मागे गेला.