छेद ज्यांच्या हाती होता

1967 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये हृदयविकारावरील एक भारतीय शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते एस. एल. मल्होत्रा, मुंबईतील पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी. 18 ते 55 वयोगटातील सुमारे साडेअकरा लाख रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदींतून त्यांना आढळले, की हृदयविकाराने होणारे मृत्यू उत्तरेपेक्षा दक्षिणेत सुमारे सातपट अधिक आहेत. वास्तविक पंजाबकडील कर्मचाऱ्यांच्या आहारात तूप-दुधाचे प्रमाण कितीतरी जास्त होते. त्यामागचे कारण आजही वादाचे आहे. मृत्यूचे कारण शेवटी दाखल्यावर डॉक्टर जे लिहील तेच असते, हेही विसरू नये.

मला या निबंधात अधिक मोलाचा वाटतो तो त्याचा छेद. रुग्णालयात मृत्यू मोजता येतात, पण ते किती माणसांपैकी, हे रुग्णालयाला ठाऊक नसते. रेल्वेच्या डॉक्टरांना ते ठाऊक होते. वय, हुद्दा, प्रदेश यांसह. लंडनमध्येही असेच घडले होते. बसचालकांना वाहकांपेक्षा हृदयविकार अधिक होतो, हे जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये दाखवले, तेव्हा लंडन ट्रान्सपोर्टचे वैद्यकीय अधिकारी रॅफल त्यांचे सहलेखक होते.

मात्र जुनी नोंदवही चाळणे वेगळे आणि जिवंत माणसाला ‘रक्त द्याल का?’ असे विचारणे वेगळे. या शतकाच्या आरंभी देशातील 10 उद्योगांत हृदयविकाराच्या जोखमीची पाहणी झाली, तीत कर्मचाऱ्यांबरोबर त्यांचे कुटुंबीयही होते. अशा पाहणीत कारखान्याचा डॉक्टर फार उपयोगी पडतो, कारण त्याच्या शब्दावर लोक येतात. नेमकी अडचणही तीच आहे.

रायपूरच्या एखाद्या लोको पायलटचा विचार करावा. त्याची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते. तीत तो अपात्र ठरला तर इंजिनावरून उतरवून दुसऱ्या कामावर पाठवला जातो. ज्याच्या सहीवर हे ठरते, त्याच डॉक्टरने संशोधनाचा संमतिपत्रक पुढे केला, तर ‘नाही’ म्हणणे सोपे नाही. आणि ‘हो’ म्हटले, तर वाढलेला रक्तदाब कोणत्या फाइलीत जाईल, ही धास्ती उरतेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत कर्मचारी आणि हाताखालची माणसे यांची गणना असुरक्षित गटांत केली आहे, ती उगाच नव्हे. म्हणून डॉक्टरने माहिती जरूर द्यावी, पण संमती बाहेरच्या संशोधकाने घ्यावी आणि कोणी नकार दिला हे त्या डॉक्टरला कळूही नये, असे मला वाटते.

एक माणूस मात्र या साऱ्या चर्चेबाहेरच राहतो. त्याच स्थानकात फलाट झाडणारा कंत्राटी कामगार सहसा रेल्वेच्या दवाखान्याच्या नोंदवहीत नसतो. मल्होत्रांची पद्धत आज जशीच्या तशी वापरली, तर तो ना अंशात येईल, ना छेदात.