फांतोमासचा मुखवटा आणि बोटांचे ठसे

विज्ञानाचा इतिहास म्हणजे प्रयोगवह्या, पत्रव्यवहार आणि जुने शोधनिबंध, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटत असेल. आज एका विनोदी फ्रेंच सिनेमाकडे पुरावा म्हणून बघूया: आंद्रे उनबेल यांचा 'फांतोमास' (१९६४).

गोष्ट थोडक्यात अशी. फांतोमास हा निळसर-हिरव्या मुखवट्याचा गुन्हेगार. खरा चेहरा कुणालाच माहीत नाही. पत्रकार फांदोर त्याची खोटी मुलाखत छापतो. मग चिडलेला फांतोमास फांदोरचाच हुबेहूब चेहरा चढवून गुन्हे करायला लागतो. पुढची पाळी त्याच्या मागावर असलेल्या ज्यूव्ह या पोलिस अधिकाऱ्याची. साक्षीदार छातीठोकपणे सांगतात की आम्ही ज्यूव्हलाच पाहिलं. झालं, पोलिस आपल्याच साहेबांना आत टाकतात! लुई द फ्युनेसने हा थयथयाट करणारा ज्यूव्ह असा रंगवलाय की हिरो जाँ मारे चक्क बाजूला पडतो.

आता संशोधकाचा प्रश्न विचारा. या विनोदात सगळ्यांनी काय गृहीत धरलंय? माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा, हे. पण फांतोमासच्या गोष्टीत हे आधीपासून असंच होतं का?

त्यासाठी पन्नास वर्षं मागे जावं लागतं. पिएर सुवेस्त्र आणि मार्सेल आलँ या जोडीने १९११ ते १९१३ या काळात जवळजवळ दर महिन्याला एक, अशा ३२ कादंबऱ्या लिहिल्या. त्यांवर लुई फयादने १९१३-१४ मध्ये पाच मूकपट काढले. त्यातला तिसरा आपल्या कामाचा. त्यात फांतोमास एका मेलेल्या माणसाच्या हाताची कातडी सोलून तिचे हातमोजे करतो आणि ते घालून गुन्हे करतो. पोलिसांच्या नोंदींप्रमाणे ठसे मृताचे, म्हणजे खुनी मृतच! प्रसंग किळसवाणा आहे खरा, पण संशोधकासाठी खजिना आहे.

कारण त्या वेळी पॅरिसच्या पोलिसांत अल्फोन्स बर्तियाँचा दबदबा होता. डोक्याची लांबी-रुंदी, मधलं बोट, डावं पाऊल अशी ११ मापं घेऊन गुन्हेगार ओळखायची त्याची पद्धत. ठसे तिथे नंतर जोडले गेले. १९०२ मध्ये पॅरिसमधला एक खुनी ठशांवरून सापडलाही. पण फक्त ठशावरून माणूस शोधायचा, तर ठशांचं वर्गीकरण चोख लागतं. (ते काम कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केलं होतं. १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डने ती पद्धत उचलली. श्रेय बरीच वर्षं त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांनाच मिळालं, हा वेगळ्या लेखाचा विषय.) पॅरिसची कपाटं मात्र मुख्यतः मापांनुसार लावलेली. १९११ च्या ऑगस्टमध्ये 'मोनालिसा' चोरीला गेली, तेव्हा काचेवर अंगठ्याचा ठसा होता, चोराचे ठसेही पोलिसांच्या दप्तरी होते, तरी जुळणी झाली नाही. चित्र सापडलं १९१३ च्या डिसेंबरात, चोर ते फ्लॉरेन्समध्ये विकायला गेला तेव्हा. फयादचा तो मूकपट त्याच सुमाराचा. नवं तंत्र आलंय, पण त्यावर विसंबायचं किती, ही त्या प्रेक्षकांची ताजी शंका होती.

म्हणजे १९१३ चा फांतोमास पोलिसांच्या नोंदींना फसवतो, १९६४ चा माणसांच्या डोळ्यांना.

इथे लगेच "१९६४ पर्यंत लोकांचा ठशांवर विश्वास बसला होता" असं लिहून मोकळं होऊ नका. गाईडने विचारलंच पाहिजे की दुसरं कारण असू शकत नाही का? असू शकतं. चेहऱ्यांची अदलाबदल प्रेक्षकाला क्षणात कळते, शिवाय पडद्यावर स्टार दिसावा लागतो. जाँ मारे फांदोरही आहे आणि फांतोमासही. १९४६ मध्ये कॉक्टोच्या सिनेमात राक्षसाचा चेहरा चढवलेला हाच नट. फांतोमासचा आवाज तर त्याचाही नाही, रेमों पेलग्राँचा आहे. त्यात बाँडपटांची लाट नुकतीच आलेली, त्यामुळे अड्डा आणि यंत्रं हवीतच.

माझा कल आजही पहिल्या कारणाकडे आहे, पण दोन सिनेमांच्या जोरावर ते सिद्ध होत नाही. त्यासाठी मधल्या पन्नास वर्षांतली वर्तमानपत्रं, खटल्यांची कागदपत्रं आणि पोलिसांची प्रशिक्षणाची पुस्तकं चाळावी लागतील. साक्षीदाराची ओळख आणि ठसा यांत विरोध आला, तेव्हा न्यायालयाने कुणाचं ऐकलं, हे मी सगळ्यात आधी शोधीन.