पाहणे आणि नोंदणे : मानसशास्त्रातील बालनिरीक्षणाचा इतिहास

प्रौढ माणूस अंतर्निरीक्षण करू शकतो, म्हणजे स्वतःच्या मनात काय चालले आहे याकडे लक्ष देऊन ते शब्दांत सांगू शकतो. तान्ह्या मुलाच्या बाबतीत हा मार्ग बंद असल्याने त्याचे रडणे, हसणे, दचकणे बाहेरून पाहणे आणि पाहिलेले टिपून ठेवणे एवढेच अभ्यासकाच्या हाती उरते. म्हणूनच नैसर्गिक निरीक्षणाचा, म्हणजे वर्तनात ढवळाढवळ न करता ते जसे घडते तसे नोंदण्याच्या पद्धतीचा, इतिहास बऱ्याच अंशी पाळण्याशेजारी घडला.

जर्मन तत्त्वज्ञ डीट्रिश टीडेमान याने आपल्या मुलाविषयीची निरीक्षणे १७८७ मध्ये प्रसिद्ध केली, परंतु या परंपरेला प्रतिष्ठा लाभली ती चार्ल्स डार्विनमुळे. त्याचा थोरला मुलगा विल्यम डिसेंबर १८३९ मध्ये जन्मला, तेव्हापासूनची टिपणे डार्विनजवळ पडून होती. पुढे मुलांच्या भाषाशिक्षणावरील इपोलीत तेन याचा लेख वाचनात आला, जुन्या नोंदी पुन्हा काढल्या गेल्या आणि १८७७ मध्ये त्या ‘माइंड’ या नियतकालिकात छापल्या गेल्या. सातव्या दिवशी तळपायाला कागदाचा तुकडा लावताच बाळाने पाय झटकला आणि बोटे आखडली, असे डार्विन नोंदवतो. काटेकोरपणे पाहिले तर कागद लावणे हीही ढवळाढवळच, आणि निरीक्षण व प्रयोग यांची सीमारेषा किती पुसट आहे हे या पहिल्याच टप्प्यावर दिसून येते. वर्षाचे झाल्यावर बाळाने खाण्यासाठी ‘मम’ हा शब्द स्वतःच घडवला, असेही त्याने लिहिले. मराठी घरांतही तान्ह्याच्या जेवणाला ‘मंमं’च म्हणतात, हे ध्यानात घेतले म्हणजे एकाच मुलाच्या नोंदींवर विसंबण्यातली अडचण चटकन उमगते, कारण त्या मुलाचे स्वतःचे काय आणि सर्व मुलांना समान असे काय, हे एका वहीतून ठरवता येत नाही.

दुसरी अडचण निरीक्षकाच्या मायेची होती. येना येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म प्रायर याने १८८२ मधील आपल्या ग्रंथासाठी मुलाचे दररोज निदान तीन वेळा निरीक्षण करण्याचा नेम जवळजवळ तीन वर्षे पाळला आणि नियमितपणाचा आदर्श घालून दिला, तरीही पाहणारा बापच होता. विसाव्या शतकात शिशुशाळा निघाल्या आणि एकाच ठिकाणी अनेक अनोळखी मुले पाहता येऊ लागली, तेव्हा पद्धत खऱ्या अर्थाने बदलली. मिल्ड्रेड पार्टेन हिने मिनेसोटा विद्यापीठाच्या शिशुशाळेत मोकळ्या खेळाच्या वेळी एकेका मुलाला एक-एक मिनिट पाहिले आणि ते मूल एकटे खेळते, इतरांशेजारी पण आपापले खेळते की मिळून खेळते, याची आधी व्याख्या केलेल्या सहा प्रकारांत नोंद केली. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास ‘कालनमुना’ पद्धतीचे, म्हणजे ठरावीक छोट्या कालखंडांतील वर्तनावरून एकूण वर्तनाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीचे, ठळक उदाहरण आहे. दोन निरीक्षकांच्या नोंदी जुळतात का हे आता मोजता येऊ लागले. हा लाभ मोठा होता, पण त्या एका मिनिटाच्या आधी आणि नंतर काय घडले ते मात्र हातातून निसटले.

ते परत मिळवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ऑस्कालूसा या सुमारे सातशे वस्तीच्या गावात झाला. रॉजर बार्कर आणि हर्बर्ट राइट यांनी १९४७ मध्ये तेथे क्षेत्रकेंद्र उघडले, आणि निरीक्षक हा गावकऱ्यांना परका वाटता कामा नये म्हणून बार्कर सहकुटुंब त्याच गावात राहू लागला. २६ एप्रिल १९४९ रोजी आठ निरीक्षकांनी पाळीपाळीने सात वर्षांच्या एका मुलाचा सकाळी उठण्यापासून रात्री झोपेपर्यंतचा संपूर्ण दिवस टिपला, आणि त्या एका दिवसाच्या नोंदीचेच १९५१ मध्ये पुस्तक झाले. अशा नोंदींतून बार्करच्या लक्षात आले की एकच मूल वर्गात, दुकानात आणि प्रार्थनामंदिरात निरनिराळे वागते, तर एकाच ठिकाणी भिन्न स्वभावांची मुले पुष्कळशी सारखी वागतात. अशा वर्तन घडवणाऱ्या ठिकाणाला त्याने ‘वर्तनस्थळ’ या अर्थाची संज्ञा दिली. प्रयोगशाळेच्या बंद खोलीत हा निष्कर्ष कधीच हाती लागला नसता.

प्रयोगशाळेतल्या चाचणीलाही अशा निरीक्षणाचा आधार लागतो, हे मेरी एन्सवर्थ हिच्या कामातून दिसते. तिने १९५४-५५ मध्ये युगांडात कंपालाजवळच्या २६ कुटुंबांत आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे तितक्याच कुटुंबांत जाऊन आसक्तीचा, म्हणजे मूल आपल्या संगोपन करणाऱ्याशी जो भावबंध जोडते त्याचा, अभ्यास केला. तिच्या नावाने आज सर्वत्र ओळखली जाते ती ‘अपरिचित परिस्थिती’ ही प्रयोगशाळेतील सुमारे वीस मिनिटांची चाचणी, जिच्यात आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते आणि ती परतल्यावर मूल कसे वागते हे पाहिले जाते. त्या वर्तनाचा अर्थ लावता आला तो मात्र बाल्टिमोरमधील घरभेटींच्या आधारे. मुलाच्या पहिल्या वर्षात दर तीन आठवड्यांनी, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, अशा त्या भेटी दर कुटुंबामागे सुमारे ७२ तास भरल्या होत्या.