विद्यापीठाच्या आधीचा अभ्यासगट

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. सुरुवात झाली ३७ विद्यापीठांत, ४० हजार विद्यार्थ्यांनिशी. शिकणाऱ्या मुलांनी समाजात मिसळावं, हातानं काम करावं, हा आग्रह कोठारी आयोगानं आधीच धरला होता. योजनेचा साचा आजही ओळखीचा आहे: दोन वर्षांत २४० तास, सात दिवसांचं शिबिर आणि एक दत्तक गाव.

'दत्तक गाव' या शब्दापाशी मी नेहमी अडतो. मी चामोर्शीचा. इंजिनीअरिंगला असताना मीही अशा शिबिरात रस्ते झाडले, शोषखड्डे खणले. काम चांगलंच होतं. पण या रचनेत विद्यार्थी बाहेरून येतो आणि गाव घेणाऱ्याच्या जागी बसतं, हे गृहीत आहे. गडचिरोलीत विद्यार्थीच गावातून येतो. त्यानं कोणाला दत्तक घ्यायचं?

याचं एक उत्तर याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावात सापडतं. देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं ऐंशीच्या दशकापासून तिथे अभ्यासगट चालले. गावकरी एखादा विषय घेत, त्यावर माहिती मिळवत, चर्चा करत आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीनं घेत. बाहेरच्या माणसानं माहिती द्यायची, निर्णय द्यायचा नाही, हा तिथला शिरस्ता.

या अभ्यासाची परीक्षा बांबूवर झाली. २००६च्या वनहक्क कायद्यान्वये २००९मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण १९२७च्या वन कायद्यात २०१७पर्यंत बांबू हे झाड होतं, आणि झाड म्हणजे वनखात्याचं. नव्या कायद्यात मात्र बांबू गौण वनोपजात स्पष्ट लिहिलेला आहे. गावानं ती व्याख्या नीट वाचली होती, म्हणून ते मागे हटलं नाही. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं. चंद्रपूर आणि गडचिरोलीची महाविद्यालयं नागपूर विद्यापीठातून त्याच्याकडे आली. म्हणजे आमच्याकडे नागरिकशास्त्राची शाळा आधी गावात भरली आणि विद्यापीठ पाच महिन्यांनी आलं.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. सामूहिक दाव्याला नकाशा लागतो, पुरावे लागतात, ठरावांच्या नोंदी लागतात. हक्क मिळाल्यावर बांबूविक्रीचा हिशेब ठेवावा लागतो. पुण्यात बसून मी रोज याच जातीचं काम करतो: याद्या, नकाशे, नोंदी. गावात हे करू शकणारी पहिली पिढी आज आमच्या महाविद्यालयांत बसलेली आहे. तिनं आपल्याच ग्रामसभेत बसून कार्यवृत्त लिहिलं, कायद्याचं कलम गोंडीत समजावून सांगितलं, तर ते तास त्या २४० तासांत सगळ्यात आधी धरले पाहिजेत. झाडलेला रस्ता आठवड्यात पुन्हा भरतो. नीट लिहिलेला ठराव पुढची पन्नास वर्षं गावाच्या कामी येतो.