कॅसेटच्या कुलपाची कुळकथा

निन्टेंडोने १९८५ साली अमेरिकेत विकायला काढलेल्या एनईएस या यंत्रात एक छोटी चिप होती. चित्र, आवाज, उड्या मारणारा मारिओ, यांतलं काहीच तिच्याकडे नव्हतं. आत आलेली कॅसेट परवानगीची आहे की नाही, एवढंच ती पाहायची. तिच्यातल्या प्रोग्रामचं नाव टेनएनईएस. आजच्या गेम कन्सोलमधल्या कुलपांचा हा सर्वांत गाजलेला पूर्वज.

ही पाळी आली अटारीमुळे. तिच्या अटारी २६०० या यंत्राला कुलूप नव्हतं. १९७९ मध्ये अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी ॲक्टिव्हिजन काढली, तिचं पाहून इतर उतरले आणि बाजारात रद्दड खेळांचा पूर आला. १९८३ मध्ये अमेरिकेतला हा धंदा कोसळला. अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला. २०१४ मध्ये तो उकरून काढला गेला. निन्टेंडोने ठरवलं, आपल्या यंत्रावर कोण खेळ काढणार हे आपणच ठरवायचं.

त्यासाठीची युक्ती सुंदर होती. एक चिप यंत्रात, तशीच एक कॅसेटमध्ये. यंत्रातली कुलूप, कॅसेटमधली किल्ली. सुरू होताच दोघी एकाच तालात तीच आकडेमोड करत आणि उत्तरं सतत ताडून पाहत. एक जरी चुकलं तरी कुलूपवाली चिप यंत्राला सेकंदाला एकदा रीसेट करी. स्क्रीन आणि लाल दिवा लुकलुकत राही. कनेक्टरच्या पिना सैल झाल्या की अस्सल कॅसेटलाही हीच शिक्षा. मुलं कॅसेट काढून फुंकत बसायची, आणि फुंकरीच्या ओलाव्याने पिना आणखी गंजायच्या.

परवाना घेणाऱ्या कंपनीला वर्षाला पाचच खेळ काढता येत, कॅसेटही निन्टेंडोकडूनच बनवून घ्याव्या लागत. नक्कल रोखण्यापेक्षा ही सत्ता राखणं हेच या कुलपाचं खरं काम होतं, असं माझं ठाम मत आहे.

अटारी गेम्स या कंपनीला ते खुपलं. त्यांच्या लोकांनी रसायनं वापरून चिपचे थर सोलले, तरी पूर्ण प्रोग्राम हाती लागेना. डिसेंबर १९८७ मध्ये त्यांनी परवाना घेतला. पुढच्याच वर्षी त्यांच्या वकिलाने, कॉपीराइटच्या खटल्यात आपण प्रतिवादी आहोत असं खोटं सांगून, अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून टेनएनईएसची प्रत मिळवली. त्यावरून त्यांनी ‘रॅबिट’ चिप केली आणि टेंजेन या नावाने बिनपरवाना कॅसेट विकल्या. निन्टेंडो कोर्टात गेली. १९९२ च्या अपिलात न्यायालयाने म्हटलं की, समजून घेण्यासाठी प्रोग्राम उलगडणं गैर नाही, पण त्यासाठीची प्रत सरळ मार्गाने आलेली हवी. शिवाय रॅबिटमध्ये टेनएनईएसचे अनावश्यक तुकडेही आढळले होते. अटारी गेम्स हरली. हा निकाल मला दोन्ही अंगांनी योग्य वाटतो.

कलर ड्रीम्स या कंपनीने वेगळी वाट धरली. त्यांच्या कॅसेटमधलं सर्किट कुलपाच्या चिपला व्होल्टेजचा झटका देई, ती भांबावली की खेळ चालू. दुरुस्तीवाल्यांचा उपाय याहून सोपा होता. यंत्रातल्या चिपचा चौथा पाय कापायचा. त्या पायावरून चिपला कळे की आपण कुलूप आहोत. तो गेला की ती स्वतःला किल्ली समजे आणि रीसेट करणंच थांबवी.

एनईएसच्या जपानातल्या मूळ अवतारात, १९८३ च्या फॅमिकॉममध्ये, मात्र ही चिप नव्हतीच. म्हणून तर त्याच्या नकला जगभर सहज पसरल्या, आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडे त्या यंत्रांत ‘९९९९९९९ इन १’ छापलेल्या कॅसेटही बिनतक्रार चालत.

१९९३ मध्ये निन्टेंडोने अमेरिकेत एनईएसची वरून कॅसेट घालायची स्वस्त आवृत्ती काढली, तेव्हा त्यातून कुलपाची चिप त्यांनी स्वतःच काढून टाकली.