पाच फोरिंटवरचा बगळा

बुडापेस्टमधल्या एका दुकानात पाव घेऊन तुम्ही सुट्टे पैसे हातात घेता. त्यात पाच फोरिंटचं एक पिवळं नाणं आहे, हंगेरीत आज चालणारं सर्वांत लहान किमतीचं. वजन जेमतेम ४.२ ग्रॅम. त्यावर मोठा बगळा आहे, आपल्याकडे भाताच्या खाचरात दिसतो तोच. त्याच्या मानेवर अंगठा ठेवा आणि डोळे मिटा.

थंडगार पाणी पोटऱ्यांना लागतं. साल १९०० च्या आसपासचं, ठिकाण बालाटोन सरोवराच्या नैर्ऋत्येची दलदल, किश-बालाटोन. बोरूच्या बेटात बगळ्यांची घरटी आहेत. विणीचा हंगाम, त्यामुळे नरमाद्यांच्या पाठीवर जाळीदार पिसांचा झुपका फुललाय. उमरावांच्या टोपीवरचा तुरा याच पिसांचा आणि युरोपातल्या बायकांच्या हॅटवरही हीच पिसं. बार वाजतो. पांढरं काहीतरी पाण्यावर पडतं. घरट्यातली पिल्लं चोची उघडून वाट बघत राहतात. आता त्यांना भरवायला कुणी येणार नाही.

कानातला आवाज विरेपर्यंत वर्षं सरतात. बगळ्यांची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जोडपी उरली आहेत. १९२० नंतरच्या दशकात याच बोरूत एक राखणदार फिरू लागतो. त्याचं काम एकच: बगळ्यांची राखण.

आता १९५०. तुम्ही बोरूच्या काड्यांनी झाकलेल्या लपणात उकिडवे बसला आहात. शेजारी इश्त्वान होमोकी-नॉद्य, वय पस्तिशीच्या आसपास, डोळा कॅमेऱ्याला लावलेला. हा माणूस ससाणे पाळतो. रानटी पाखराला हातावर बसवायचं तर आधी स्वतःला स्थिर बसता यावं लागतं, हे तो ससाण्यांकडूनच शिकलाय. डास तुमच्या मानेवर बसतो. हात उचलू नका. पायाला मुंग्या आल्यात. पाय हलवू नका. पाण्यात टपकन थेंब पडला तरी समोरच्या घरट्यातली मान ताठ होते.

बगळा येतो. पंख मिटतो, पाय घरट्याच्या काठावर रोवतो. पिल्लू त्याची चोच आपल्या चोचीत पकडून खाली ओढतं. होमोकी-नॉद्य कळ दाबतो. कॅमेऱ्याची घरघर सुरू होताच बगळा थबकतो, तुमचाही श्वास थबकतो. रिळात मोजकीच मिनिटं आहेत आणि एकही वाया घालवायची नाही. मग बगळा पुन्हा पिल्लाकडे वळतो. घरघर चालू राहते. इथेही नेम धरलाय, इथेही बोट कळीवर आहे. पण संध्याकाळी घरट्यातली सगळी पिल्लं पोटभर जेवून झोपतात.

पुढच्या क्षणी तुम्ही चित्रपटगृहाच्या अंधारात. पडद्यावर ‘वॉदवीझोर्साग’, म्हणजे रानपाण्याचा देश, हा त्याचा रंगीत माहितीपट. युद्धाने पडझड झालेल्या शहरातली माणसं शेजारी बसली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी बोरूच्या आत कधी पाऊल टाकलेलं नाही. पडद्यावर घरटं दिसतं आणि तुमच्या पुढच्या रांगेतली एक मुलगी खुर्चीवर उभी राहते. ज्या पाखराची पिसं तिच्या आजीने फक्त टोपीवर पाहिली होती, ते पाखरू आज तिला पिल्लाला भरवताना दिसतं.

डोळे उघडा. होमोकी-नॉद्य १९७९ मध्ये गेला. मोठा बगळा हंगेरीच्या निसर्गरक्षणाचं चिन्ह झाला आणि १९९२ च्या नाणेमालिकेत पाच फोरिंटवर आला. हे नाणं त्या माणसाच्या नावाने पाडलेलं नाही. स्मृतिनाणी मखमली डबीत जपून ठेवतात. हे मात्र दूधवाल्याच्या, शाळकरी पोरांच्या, भाजीवालीच्या हातातून फिरत झिजतं.

तळहातावर आणखी एक नाणं आहे, पन्नास फोरिंटचं. ते उलटून पाहा. त्यावर ससाणा आहे.

दोन्ही पाखरं एकाच मुठीत घ्या आणि घरी जा.